विश्लेषण : ॲल्युमिनियमच्या कीबोर्डवर कोणता थर टिकतो? रंग निवडण्याआधी काय विचारावे?

टंकलेखनाची सरकारी परीक्षा टाइपरायटरवरून संगणकावर गेली आणि कीबोर्ड हे तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याचेही रोजचे साधन झाले. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेची तयारी करणारे, घरून कॉलेजचे किंवा कंपनीचे काम करणारे आणि गेम खेळणारे तरुण आता प्लास्टिकच्या कीबोर्डवर समाधानी नसतात. मेकॅनिकल कीबोर्डची हौस लागली की पुढचा टप्पा असतो ॲल्युमिनियमचे सुटे कवच, म्हणजे ‘केस’, आपल्या मनाप्रमाणे बनवून घेण्याचा. दारव्ह्यात बसून मोबाइलवरून असे कवच मागवता येते. प्रश्न सुरू होतो ‘फिनिश’ निवडताना. ॲनोडायझिंग, पावडर कोटिंग, ई-कोटिंग, सिरॅकोट अशी नावे समोर येतात, प्रत्येकाखाली सुंदर फोटो असतो आणि बहुतेक जण रंग पाहून बटण दाबतात. चूक नेमकी इथेच होते, आणि शहरापासून दूर राहणाऱ्याला ती जास्त महाग पडते. कवच परत पाठवणे, थर उतरवणे, पुन्हा चढवणे यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

ॲल्युमिनियमला थर लागतोच कशाला?

विदर्भात ‘जर्मनचा गंज’ म्हटले की ॲल्युमिनियमचे पातेले डोळ्यांसमोर येते. गंमत अशी, की या ‘गंजा’ला लोखंडासारखा तांबडा गंज कधी चढत नाही. ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. हा नैसर्गिक थर जेमतेम काही नॅनोमीटरचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या हजारो पट पातळ असतो.

पातेल्याला तो पुरतो, कीबोर्डला पुरत नाही. कीबोर्डवर रोज काही तास मनगट टेकते. घामात मीठ असते आणि तो बहुधा किंचित आम्लधर्मी असतो. अंगठीचा, घड्याळाच्या पट्ट्याचा घासा लागतो. नुसते घासूनपुसून ठेवलेले ॲल्युमिनियम काही महिन्यांत मळकट करडे दिसू लागते, बोटांना काळसर डाग लागतात. शिवाय हा धातू मऊ असल्याने त्यावर ओरखडे पटकन उठतात. म्हणून वरून एखादा थर हवा. त्याची कामे दोन : धातू सांभाळणे आणि दिसायला चांगले असणे. सगळे थर ही दोन्ही कामे सारख्याच ताकदीने करत नाहीत, हा या विषयाचा गाभा आहे.

ॲनोडायझिंग म्हणजे नेमके काय?

पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तेव्हा कथिल वरून चढवले जाते. कल्हई उडाली की पितळ उघडे पडते. ॲनोडायझिंग याच्या उलट आहे. त्यात बाहेरून काही चढवत नाहीत, धातूतूनच थर उगवतात. ॲल्युमिनियमचा भाग सौम्य गंधकाम्लाच्या टाकीत बुडवून विजेच्या धन टोकाला जोडतात. वीज सोडली की पृष्ठभागावरचे ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये बदलत जाते आणि नैसर्गिक थराच्या हजारो पट जाड कवच तयार होते. माणिक आणि नीलम हे याच ऑक्साइडचे स्फटिक. कीबोर्डवरचा थर स्फटिकरूप नसतो, तरी खालच्या धातूपेक्षा तो कितीतरी कठीण असतो.

हे तंत्र शंभर वर्षे जुने आहे. ब्रिटनमध्ये १९२३ साली समुद्री विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी क्रोमिक आम्ल वापरून ते औद्योगिक पातळीवर आले. १९२७ मध्ये गंधकाम्लाच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले आणि आज तीच सर्वाधिक चालते.

सजावटीच्या ॲनोडायझिंगची जाडी साधारण ५ ते २५ मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरला तर त्याच्या फार तर सुमारे एक तृतीयांश भागाइतकी. हा थर अंदाजे दोन तृतीयांश आत आणि एक तृतीयांश बाहेर वाढतो. म्हणजे १५ मायक्रॉनचा थर दिला तर मूळ मापात प्रत्येक बाजूला फक्त ५ मायक्रॉनची भर पडते. स्क्रूचे आटे, यूएसबीचे छिद्र, वरच्या आणि खालच्या भागातली फट यांना धक्का लागत नाही. कोरलेली अक्षरेही धारदार राहतात. अचूक मशिनिंग केलेल्या कवचासाठी ॲनोडायझिंगला पहिली पसंती मिळते ती यामुळे.

रंग कुठून येतो? नव्या थरात मधाच्या पोळ्यासारखी सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत रंग भरतात आणि मग गरम पाण्यात किंवा रसायनात ती बंद करतात. याला सीलिंग म्हणतात. सीलिंग कच्चे राहिले तर थर घाम, तेल आणि चहाचे डाग शोषून घेतो.

ॲनोडायझिंगच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा म्हणजे पांढरा रंग मिळत नाही. छिद्रे इतकी बारीक असतात, की पांढरेपणा देणारे कण त्यांत मावत नाहीत आणि थर स्वतः पारदर्शक असतो. ॲनोडायझिंगमधले ‘व्हाइट’ म्हणून कोणी दाखवत असेल तर तो चंदेरी असतो, नाहीतर थर वेगळाच असतो.

दुसरी मर्यादा धातूची. थर पारदर्शक असल्याने खालचे सगळे दोष वर दिसतात : मशीनच्या रेषा, ओरखडे, धातूतले डागही. म्हणून आधी काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून पृष्ठभाग एकसारखा मॅट करून घेतात. मिश्रधातूही महत्त्वाचा. घराच्या सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्या बहुधा ६०६३ या मिश्रधातूच्या असतात आणि सजावटीच्या ॲनोडायझिंगसाठी तो उत्तम मानला जातो. ६०६१ही चालतो. साच्यात ओतून केलेल्या ॲल्युमिनियममध्ये मात्र सिलिकॉन भरपूर असते. त्यावर थर करडा आणि ठिगळे लावल्यासारखा येतो. स्वस्त कवच ओतीव असेल तर त्याला ॲनोडायझिंग सांगणे म्हणजे पैसे पाण्यात.

तिसरी मर्यादा रंगाच्या मेळाची. वरचा आणि खालचा भाग एकाच टाकीत, एकाच वेळी झाला नाही तर छटा बदलते. सहा महिन्यांनी मागवलेला सुटा भाग जुन्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. आणि ओरखडा खोल गेला तर त्यावर ‘टच-अप’ होत नाही. पूर्ण थर कॉस्टिकमध्ये उतरवून नव्याने द्यावा लागतो आणि त्यात थोडा धातूही झिजतो.

पावडर कोटिंग कधी घ्यावे?

गावातल्या ॲल्युमिनियम फॅब्रिकेशनच्या दुकानात दिसणाऱ्या पांढऱ्या किंवा तपकिरी खिडक्या बहुतेक पावडर कोटिंगच्या असतात. यात रंगाची कोरडी भुकटी विद्युतभारित करून बंदुकीने फवारतात. जमिनीशी जोडलेला धातू तिला ओढून घेतो. मग भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सिअसला भुकटी वितळून एकसंध थर होतो. जाडी साधारण ६० ते १०० मायक्रॉन, म्हणजे ॲनोडायझिंगच्या कित्येक पट.

फायदे उघड आहेत. पांढऱ्यासह कोणताही रंग मिळतो, बारीक दोष झाकले जातात, ओतीव धातूवरही चालते आणि एकच नग असला तरी करून मिळण्याची शक्यता जास्त. तोटा मापांचा. ८० मायक्रॉनचा थर वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांच्या टेकणाऱ्या कडांवर बसला तर सांध्यात ०.१६ मिलिमीटरची भर पडते. यूएसबीचे छिद्र तेवढेच अरुंद होते आणि छोट्या स्क्रूंचे आटे बुजतात. म्हणून फवारणीआधी आटे आणि सांध्याच्या कडा उष्णता सोसणाऱ्या टेपने किंवा रबरी बुचांनी झाकाव्याच लागतात. नाजूक कोरीव अक्षरे बोथट होतात. थर जाड पडला तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. कारागीरही या दोषाला ‘ऑरेंज पील’च म्हणतात, आणि विदर्भात त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पावडर कोटिंगचे आयुष्य ठरते ते आधीच्या धुलाईवर. तेल काढणे आणि धातूवर रासायनिक पूर्वप्रक्रिया करणे हे टप्पे टाळले तर थर सुरुवातीला चकचकीत दिसतो, पण टोला बसताच टवका उडतो आणि मग कडेने सुटत जातो.

ई-कोटिंग, सिरॅकोट, पीव्हीडी यांचे काय?

ई-कोटिंगमध्ये भाग रंगाच्या द्रावणात बुडवून विजेने रंग बसवतात. थर साधारण १५ ते २५ मायक्रॉनचा आणि कानाकोपऱ्यांत एकसारखा बसतो. पांढरा हवा आणि मापेही बिघडू नयेत, असे दोन्ही साधायचे असेल तर हा चांगला मध्यममार्ग. त्यासाठी मोठी टाकी लागते, त्यामुळे सुट्या एका नगाला तो सहज मिळत नाही. कठीणपणात तो ॲनोडायझिंगच्या मागे आहे.

सिरॅकोट हे सिरॅमिकमिश्रित रंगाचे व्यापारी नाव. अमेरिकेत बंदुकांवर तो लोकप्रिय झाला. जाडी सुमारे २५ मायक्रॉन, फवारून भट्टीत पक्का करतात, मॅट रंगांची निवड मोठी. यातही कौशल्य फवारणाऱ्याचे.

पीव्हीडी, म्हणजे निर्वात पेटीत धातूची वाफ बसवण्याचे तंत्र, कीबोर्डमध्ये बहुधा कवचावर नव्हे तर पाठीवरच्या स्टील किंवा पितळेच्या वजनदार पट्टीवर वापरतात. थर जेमतेम काही मायक्रॉनचा, आरशासारखी चमक त्याची खासियत. तो शोभेचा भाग आहे. कवच निवडताना त्यावर अडून राहण्याचे कारण नाही.

गॅरेजमधला स्प्रे पेंट चालेल का?

चालेल, पण अटींवर. ॲल्युमिनियमवर थेट मारलेला रंग धरत नाही. आधी पॉलिश पेपरने घासणे, तेल काढणे, धातूला धरणारा खास प्रायमर आणि मग गाड्यांना वापरतात तो दोन भाग मिसळून तयार होणारा पॉलियुरेथेन रंग, असा क्रम हवा. डेंटिंग-पेंटिंगचा चांगला कारागीर हे काम नीट करू शकतो आणि पुढे टवका उडाला तर दुरुस्तीही तोच करतो.

इथे एक इशारा. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवार श्वासात गेली तर दम्यासारखा कायमचा त्रास लागू शकतो. साधा कापडी मास्क किंवा रुमाल त्यापासून वाचवत नाही. घराच्या खोलीत किंवा गच्चीवर हा प्रयोग करू नये. तीच गोष्ट व्हिडिओ पाहून बॅटरीच्या ॲसिडमध्ये घरगुती ॲनोडायझिंग करण्याची. आम्लाचे शिंतोडे डोळ्यांत जाऊ शकतात, विजेमुळे टाकीतून हायड्रोजन निघतो आणि वापरलेले आम्ल शेवटी नालीत जाते. एका कवचाच्या हौसेपायी ही किंमत मोजण्यासारखी नाही.

महागड्या वस्तूंवरही ओरखडे का दिसतात?

ॲनोडायझिंग कठीण असूनही ते अभेद्य नाही. २०१२ मध्ये आलेल्या काळ्या आयफोन ५ च्या कडांवरचा थर उडून खालचा चंदेरी धातू दिसू लागला आणि जगभर तक्रारी झाल्या. पुढच्या वर्षीच्या आयफोन ५एसमध्ये त्या गडद छटेऐवजी फिकट ‘स्पेस ग्रे’ आला. २०२५ मध्ये आयफोन १७ प्रोच्या कॅमेऱ्याभोवतीच्या कडांवरही अशीच चर्चा रंगली.

कारण दोन्हीकडे समजण्यासारखे आहे. ऑक्साइडचा थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो. धारदार कडेवर दोन बाजूंचे थर दोन दिशांना वाढतात आणि मध्ये कमकुवत फट राहते. तिथे टोला बसला की टवका उडतो. खालचा धातू चंदेरी, वरचा रंग गडद, त्यामुळे इवलासा टवकाही नजरेत भरतो. यातून कीबोर्डसाठी दोन धडे मिळतात. कडा किंचित गोल करून घ्याव्यात आणि वापर रांगडा असेल तर चंदेरी किंवा फिकट छटा निवडावी. फोटोत सगळ्यात देखणा दिसणारा गडद काळा रंगच झीज सगळ्यात लवकर दाखवतो.

विदर्भाच्या हवेत काय फरक पडतो?

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आणि प्रखर, पावसाळा दमट. खिडकीशेजारच्या टेबलावर थेट ऊन येत असेल तर ॲनोडायझिंगमधले लाल, जांभळे, गुलाबी असे सेंद्रिय रंग काही वर्षांत फिके पडू शकतात. खिडक्यांच्या तपकिरी आणि काळ्या ॲनोडायझिंगमध्ये मात्र छिद्रांत विजेने कथिलासारख्या धातूचे कण बसवतात, म्हणून ते उन्हात टिकते. पावडर कोटिंगमध्ये पॉलिएस्टर उन्हाला टिकते, निव्वळ इपॉक्सी खडूसारखे पांढुरके पडते. हा फरक विचारलाच पाहिजे.

कोरड्या हवेत स्थिर विजेचा चटका बसतो. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपला जोडलेल्या धातूच्या कवचाला हात लावला तर कधी मुंग्या आल्यासारखे वाटते. ॲनोडायझिंग आणि पावडर कोटिंग दोन्ही वीजरोधक आहेत, तरी संरक्षणासाठी त्यांच्यावर विसंबू नये. त्यावर उपाय म्हणजे घरात नीट अर्थिंग असलेला तीन पिनांचा जोड.

सफाईतही जपावे. ॲनोडायझिंगचा थर तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्हींनी खाल्ला जातो. बांधकामावेळी ओला चुना-सिमेंट उडू नये म्हणून खिडक्यांच्या पट्ट्यांवर टेप ठेवतात, ते यासाठीच. धुण्याचा सोडा, ब्लीच, संडास साफ करायचे आम्ल कीबोर्डजवळ आणू नये. ओलसर कापड आणि सौम्य साबण पुरतो. रंगवलेल्या कवचाला थिनर लावू नये.

मग निवड कशी करावी?

• रोजचे टायपिंग, अचूक मशिनिंग केलेले ६०६३चे कवच : चंदेरी किंवा करडे ॲनोडायझिंग, १० ते १५ मायक्रॉन.
• पांढरा रंग, नग मोजके : पावडर कोटिंग, आटे आणि सांधे झाकून.
• पांढरा रंग, मापे काटेकोर : मिळाल्यास ई-कोटिंग.
• ओतीव धातूचे किंवा डाग असलेले कवच : पावडर कोटिंग किंवा योग्य प्रायमरसह रंग.
• जुन्या कवचाला नवे रूप, खर्च कमी : गॅरेजमधला दोन भागांचा रंग, जाणत्या कारागिराकडून.

बिलावर काय लिहून घ्यावे?

सजावटीच्या वस्तूंच्या बाजारात रंगाचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि जाडी कुठेच नसते. हे बदलायला हवे. मोजमापाचे मानदंड आपल्याकडे आधीच आहेत. ॲनोडायझिंगसाठी भारतीय मानक आयएस १८६८ असून त्यातल्या एसी १०, एसी १५, एसी २५ या श्रेणी किमान सरासरी जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात. खिडकीच्या पट्ट्यांचा व्यवहार या भाषेत होऊ शकतो, तर हजारो रुपयांच्या कीबोर्डचा का नाही?

ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याला पाच गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे मेसेजवर लेखी घ्यावीत. मिश्रधातू कोणता? थराची जाडी किती मायक्रॉन? ॲनोडायझिंग असेल तर सीलिंग आणि पावडर असेल तर पूर्वप्रक्रिया कोणती? आटे आणि सांधे झाकणार का? वरचा आणि खालचा भाग एकाच खेपेत होणार का? ज्याला काम येते तो या प्रश्नांनी चिडत नाही. जो फक्त ‘प्रीमियम फिनिश’ एवढेच सांगतो, त्याच्याकडे थांबून विचार करावा.

माल हाती आल्यावरची तपासणीही अवघड नाही. ॲनोडायझिंगच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला शाईचा ठिपका द्यावा. थोड्या वेळाने ओल्या कापडाने तो पूर्ण निघाला तर सीलिंग बहुधा ठीक आहे, डाग राहिला तर कच्चे. पावडर कोटिंग करून घेताना त्याच खेपेत एक टाकाऊ पट्टीही रंगवून मागावी. तिच्यावर ब्लेडने बारीक चौकडी मारून चिकटपट्टी लावावी आणि झटक्यात ओढावी. चौकोन सुटून आले तर पूर्वप्रक्रियेत कसर राहिली आहे. जाडी मोजण्याचे छोटे यंत्रही कोटिंगच्या चांगल्या कारखान्यात असते आणि ते थराला इजा न करता आकडा दाखवते. तो आकडा मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

यात फक्त ग्राहकाचेच हित नाही. दारव्ह्याच्या ग्राहकाला असे काम करून घ्यायचे तर नागपूरच्या हिंगणा, बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतींकडे पाहावे लागते. तिथल्या छोट्या कारखान्यांकडे खिडक्या आणि यंत्रांचे भाग येतात. एकाच नगाचे नाजूक काम अनेकदा नाकारले जाते किंवा घाईत उरकले जाते. ग्राहक मायक्रॉनच्या भाषेत बोलू लागला, चार हौशी मंडळींनी मिळून एकाच खेपेला पुरेल इतके काम नेले, तर कारागिरालाही ते परवडते आणि दर्जा राखावा लागतो. परदेशी वेबसाइटवरून मागवून महिनोन्‌महिने वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग जवळचा आहे. रंग कोणता, हा प्रश्न आवडीचा आहे आणि तो शेवटी विचारावा. धातू, कडा आणि जाडी यांचे प्रश्न त्याआधीचे.